एकोणिसावं पान

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली जागेवर होती, आणि आत तीन फायलींच्या जागी दोनच फायली होत्या.

ऑक्टोबर सत्त्याण्णवमधला मंगळवार. नानपुऱ्यातल्या तापीकाठ ऊर्जा न्यासाच्या कचेरीत अलकाबाई दाणी पोचल्या तेव्हा न्यासाचे सचिव दिलीपभाई कपाटासमोर उभे होते, आणि त्यांचा कारकून सुमित तिसऱ्यांदा तेच खण उपसत होता. हरवलेली फाईल काशिनाथ बोरसेची होती. यंदाचं अनुदान त्यालाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

अनुदान म्हणजे देवाणघेवाणीचं. युरोपातली एक संस्था दरवर्षी न्यासामार्फत सुरतेकडच्या एका लहान उद्योजकाला परदेशी पाठवायची. धूर-कोळसा टाळून काम करणारी भट्टी, दिवा, पंप असं काही तरी बनवणारा माणूस निवडायचा. तो सहा आठवडे तिकडच्या जोडीदाराकडे राहायचा, मग तो जोडीदार सहा आठवडे इकडे यायचा. या वर्षीची जोडीदारीण श्रीलंकेत रत्नपुऱ्याला होती, मालिनी रत्नायके. तिला चहा वाळवायच्या शेडसाठी लाकूड वाचवणारी भट्टी हवी होती. काशिनाथची भट्टी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा गॅस करून रंगाचे हौद तापवायची. जागा एकच, अंतिम निवड शुक्रवारी, आणि त्यासाठी संस्थेचा माणूस दिल्लीहून येणार होता.

अलकाबाई निवड समितीवर होत्या. उधन्याच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यातली वीस वर्षं उन्हाळ्यात बोर्डाच्या पेपर तपासणीवर देखरेख केली होती. उत्तरपत्रिकेच्या पुरवण्या बदलणारी पोरं त्यांनी पकडली होती, म्हणून दिलीपभाईंना वाटलं की फाईलचोरही त्याच पकडतील.

"अलकाबेन, पोलीस नको," ते हळू आवाजात म्हणाले. "एमां आपणी आबरू जाय."

सुमितने सांगितलं ते एवढंच. फाईल सोमवारी दुपारी तीनला त्याने स्वतः आत ठेवली होती. त्यानंतर प्रवासाच्या कागदांवर सह्या करायला अपर्णा मोघे आणि काशिनाथ असे दोघे उमेदवार येऊन गेले. तिसरा आजारी होता, आलाच नाही. मधे अर्धा तास सुमित कोपऱ्यावरच्या दुकानात फॅक्स करायला गेला होता. किल्ली त्याच्या खणात असते, हे कचेरीत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

म्हणजे दोघांपैकी एक. अपर्णा यादीत दुसरी होती, तेव्हा कारणही उघड होतं. अलकाबाईंना हे फारच सोपं वाटलं. तेवढ्यात सुमित चाचरत म्हणाला, "पण बाई, काशिनाथभाईंकडे सगळ्या फाईलचा झेरॉक्स आहे. अपर्णाताईंनाही माहीत आहे. पुन्हा सह्या घेतल्या की दोन दिवसांत नवी फाईल तयार."

मग चोरून कुणाला काय मिळणार होतं?

२

अपर्णा मोघे मजुरा गेटजवळ एका गाळ्यात सौर कंदील जोडायची. इंजिनिअर झालेली, तिशीची, सरळ बोलणारी. अलकाबाईंनी आडून आडून सुरुवात केली, तर तिने हातातली तार खाली ठेवली आणि स्वतःच विषय काढला. काशिनाथची भट्टी तिच्या कंदिलापेक्षा चांगली आहे, हे तिला मान्य होतं. सोमवारी ती आली तेव्हा सुमित जागेवर होता, ती गेली तेव्हाही होता.

"आणि चोरायचीच असती ना," ती हसली, "तर मी माझीच फाईल चोरली असती. त्यातली दोन पानं मला पुन्हा लिहायची आहेत."

ते हसणं खरं की बनवलेलं, हे अलकाबाईंना सांगता येईना. परीक्षेतली पोरं घाबरून खोटं बोलायची. मोठी माणसं हसत बोलतात. तिथून त्या रिक्षाने नवागामला गेल्या.

काशिनाथ घरी नव्हता. सचिन गावातल्या ज्या डाइंग हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, त्याची पहिली भट्टी बसवली होती, तिथे गेला होता. त्याच्या बायकोने, लीलाने, पाणी दिलं. पुढच्याच खोलीत बाजेवर तिचा मामा धुडकू पडून होता. पन्नाशीचा गडी, अंगाने दणकट, पण उजेड नको म्हणून डोळ्यांवर पंचा टाकलेला. काय झालं विचारल्यावर लीला आधी हिवताप म्हणाली. मग शाळेतल्या बाईंशी खोटं बोलवेना म्हणून की काय, आवाज खाली करून म्हणाली, "भट्टीपाशी पडेल व्हता, बाई. आते बरा शे. पण डोकं दुखस."

तीन आठवडे झाले होते. डॉक्टर उपाशीपोटी काम केल्याने म्हणाला होता. लीलाला काळजी मामापेक्षा नवऱ्याची जास्त वाटत होती. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, आणि परवाच्या रविवारी तर कागदांचा गठ्ठा फाडत बसला होता.

काशिनाथ आला तेव्हा ऊन कलत होतं. बाईंना पाहून तो चपला काढून दाराशीच थांबला. सातवीत फळ्यावर बंबाची आकृती काढून दाखवणारा हा मुलगा. त्याच्या अर्जावर शिफारस करणाऱ्या तिघांत पहिली सही अलकाबाईंची होती. त्यांनी जपून बातमी सांगितली. तो रडेल, चिडेल, अपर्णाचं नाव घेईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. झेरॉक्स मागितला तर म्हणाला, होता, पण सापडत नाही.

मग जरा वेळाने त्याने विचारलं, "फाईल मिळाली तर समिती सगळं पुन्हा वाचेल ना, बाई?"

"वाचेल की," त्या म्हणाल्या. बिचाऱ्याला आपली मेहनत वाया जाण्याची धास्ती आहे, असंच त्यांनी धरलं.

रिक्षात बसल्या तेव्हा त्यांच्या हाती काहीच नव्हतं. फाईल नाही, झेरॉक्सही नाही. चोराने दोन्हीकडे हात मारला म्हणावं, तर नवागामच्या त्या दोन खोल्यांत कुणी उपरा शिरल्याचं लीला बोलली नव्हती. आणि बुधवारी दुपारी दोनला सुमितचा फोन आला.

"बाई, फाईल कपाटात आहे. जिथे होती तिथेच."

३

दिलीपभाईंनी पेढे आणवले होते. त्यांच्या मते सुमितनेच फाईल कुठे तरी सरकवली होती आणि आता ती वर आली होती. सुमित शपथा घेत होता. बुधवारी कोण आलं होतं? शुक्रवारची वेळ समजावून सांगायला तिन्ही उमेदवारांना बोलावलं होतं, तिघेही आले होते, आणि चहा सांगायला सुमित दहा मिनिटं खाली उतरला होता.

अलकाबाईंनी पेढा बाजूला ठेवून फाईल उघडली. अनुक्रमणिकेत एक्केचाळीस पानं, आत एक्केचाळीस पानं. नकाशे होते, फोटो होते, तिन्ही शिफारशी होत्या, त्यांची स्वतःची सही होती. त्यांनी दोनदा मोजलं. कुणी काहीच नेलं नव्हतं.

हे चोरीपेक्षा वाईट होतं. चोरीला निदान अर्थ असतो. दोन दिवस फाईल बाहेर ठेवून जशीच्या तशी परत आणायची, तर मग कपाट उघडायचा धोका पत्करला कशाला? नकाशांची नक्कल करायला? नकाशे काशिनाथने मालिनीला आधीच पाठवले होते, आणि मागेल त्याला तो दाखवत असे. दिलीपभाई म्हणाले, सोडा आता. अलकाबाईंना सोडता येईना. मोजणं थांबवून त्या नुसती पानं उलटू लागल्या, बोर्डाच्या खोलीत पुरवण्या उलटायच्या तशा, मजकूर न वाचता कागद बघत.

सतरा ते बावीस ही सहा पानं म्हणजे भट्टीच्या चाचणीचा अहवाल. जुलैत तो वेगळा आला होता, म्हणून सुमितने कोपऱ्यात टाचणी मारून मग फायलीत ओवला होता. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेत टाचणी गंजली होती. सतरावर टाचणीच्या दोन छिद्रांभोवती तपकिरी कडं होतं. अठरावर होतं. वीस, एकवीस, बावीसवर होतं.

एकोणीसवर छिद्रं होती. कडं नव्हतं.

ते पान जुलैपासून तिथे नव्हतंच. काल-आज कधी तरी घातलं होतं.

अलकाबाईंनी चष्मा पुसून मजकूर वाचला. भट्टी चालू असताना शेडमधल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या सहा पट. बंद जागेत ही भट्टी वापरू नये. या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस डोकं दुखतंय म्हणता म्हणता कोसळतो, हे त्यांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये हेच पान त्यांनी वाचलं होतं, आणि तेव्हा तिथे 'मर्यादेच्या आत' असं होतं. होतं ना? की सही करायच्या घाईत पान नुसतं उलटलं होतं? वयाची एकोणसाठ वर्षं झाली होती. स्वतःच्या आठवणीवर हात ठेवून शपथ घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

पण गंजाचा डाग खोटं बोलणार नव्हता. काशिनाथला पाडण्यासाठी कुणी तरी खोटं पान घुसवलं होतं. असा अहवाल बनवण्याइतकं शास्त्र येणारी माणसं या प्रकरणात दोन होती. एक त्या स्वतः. दुसरी अपर्णा.

४

गुरुवारी सकाळी त्या पानाचा झेरॉक्स घेऊन अलकाबाई, भट्टीची चाचणी जिथे झाली होती, त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथला सहायक आनंदा निकम त्यांना ओळखत नव्हता, पण शाळेचं नाव ऐकून त्याने रजिस्टर काढलं. खोटं पान घुसवल्याचा पुरावा हातात येईल आणि अपर्णासमोर ठेवता येईल, असा हिशेब करून त्या आल्या होत्या.

आनंदाने बोट ठेवलं ती ओळ त्यांनी वाचली. मग त्याला म्हणाल्या, पुन्हा बघा. त्याने पुन्हा बघितलं.

सहा पट. रजिस्टरात सहा पटच लिहिलं होतं. यंत्र चुकलंय का म्हणून चाचणी दोनदा घेतली होती, दोन्ही वेळा तेच. आता फायलीत असलेलं पान शब्दन् शब्द खरं होतं.

अलकाबाई स्टुलावर बसल्या. आनंदाने पंखा वाढवला. त्यांच्या डोक्यात सगळं उलटं झालं होतं. चोराने खोटं पान घातलं नव्हतं, खरं घातलं होतं. मग जुलैपासून जे फायलीत होतं, ज्याच्यावर विसंबून त्यांनी सही केली, ते काय होतं? कुठल्या शत्रूने खरा कागद आणून ठेवला? आणि ज्याला खरं ठाऊक होतं त्याने समितीपुढे येऊन सरळ सांगितलं का नाही?

"याच्या किती प्रती दिल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

एकच, आनंदा म्हणाला. नियमच तसा आहे. आणि ती कुणी नेली त्याची पोच रजिस्टरात होती. नऊ जुलै, आणि समोर सही. ते वळण त्यांनी सातवीच्या वहीत तपासलं होतं.

५

सचिनच्या त्या डाइंग हाऊसच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. भट्टी त्या दिवशी बंद होती. काशिनाथ बाकावर बसला होता, आणि बाईंना रिक्षातून उतरताना पाहून उठला नाही. तेवढ्यावरूनच त्या समजल्या.

त्यांनी फार फिरवून बोलणं केलं नाही. एकोणिसावं पान बदललंय, हे गंजावरून कळलं. नवं पान खरं आहे, हे प्रयोगशाळेत कळलं. खरा अहवाल एकट्या काशिनाथकडे होता, तेव्हा त्याची नक्कल त्याच्याकडूनच येऊ शकत होती. आणि आधीचं पान खोटं आहे, हे कुणाला माहीत असणार? ज्याने ते बनवलं त्याला. घरचा झेरॉक्स सापडत नव्हता, कारण त्यातही तेच खोटं पान होतं आणि रविवारी तो फाडून झाला होता.

"मी तीन दिवस काय गेलं ते शोधत होते," त्या म्हणाल्या. "खोटं तूच घातलंस, काशिनाथ. आणि खरंही तूच घातलंस. फक्त का, ते मला कळत नाही. तू जिंकला होतास."

काशिनाथने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तो सांगत गेला. जुलैत अहवाल हातात आला तेव्हा अर्जाला चार दिवस उरले होते. गळती कुठून आहे हे त्याला कळलं होतं, झाकण बदललं की थांबेल अशी खात्री होती. म्हणून आकडा झाकून झेरॉक्स काढला, त्यावर टाइप करून घेतलं. झाकण नंतर बदलू म्हणाला. बदललंही, पण गळती थांबली नाही. तोवर शिफारशी झाल्या, कौतुक झालं, आणि श्रीलंकेहून मालिनीबाईंचं पत्र आलं की नकाशे पाठवा, हंगाम जवळ आलाय, तुम्ही येईपर्यंत आम्ही बांधायला घेतो. त्याने नकाशे पाठवले. सोबत ते पानही.

मग तीन आठवड्यांपूर्वी धुडकूमामा पडला.

"त्यांना उचलून बाहेर आणलं तेव्हा ओठ हलत नव्हते," काशिनाथ म्हणाला. "मी भट्टी बंद केली. मालकाला सांगितलं दुरुस्ती आहे. पण तिकडे चार शेड बांधून झाल्यात, बाई. रोज सकाळी वाटायचं आज लिहितो. काय लिहू? की मीच खोटा कागद पाठवला?"

"म्हणून तू फाईल नेलीस आणि पान बदललंस."

"हरवलेली फाईल सापडली की समिती सगळं पुन्हा वाचेल, मला काढून टाकेल, आणि मालिनीबाईंना समितीच कळवेल. माझ्या तोंडाने सांगायला नको."

अलकाबाईंना राग आला होता, आणि तो कुणावर आलाय हे नीट कळत नव्हतं. समोरच्या माणसाने चोरी केली होती ती स्वतःलाच हरवण्यासाठी, आणि ती चोरी त्याच्या जुलैतल्या लबाडीपेक्षा सरळ होती. पण ती भित्रीही होती. शेवटी त्या बोलल्या ते अगदी हळू.

"उद्या कुणी ते पान वाचलंच नसतं. एकदा मान्य झालेला कागद कुणी पुन्हा वाचत नाही. मीसुद्धा कोपरा बघितला, मजकूर नंतर. उद्या दिलीपभाईंनी तुला हार घातला असता."

काशिनाथचा चेहरा उतरला. एवढं करून काहीच झालं नसतं, ही शक्यता त्याच्या मनात आलीच नव्हती.

उधन्याच्या एसटीडी बूथमधून त्यांनी फॅक्स केला. मजकूर काशिनाथने सांगितला, इंग्रजी अलकाबाईंनी लिहिलं, सही त्याची. भट्टी बंद जागेत पेटवू नका, भिंती काढा, गॅस गळतो. लाइन तीनदा तुटली, चौथ्यांदा कागद सरकला. जुलैचं त्यात काही नव्हतं. अलकाबाईंना ते खटकलं होतं, पण आधी भिंती निघू देत, असं म्हणून त्यांनी पाठवू दिला.

६

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. दिल्लीचा पाहुणा आला होता. दिलीपभाईंनी काशिनाथचं नाव घेतलं तसा तो उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं, मराठी, गुजराती आणि हिंदीची खिचडी करत, खाली बघत. अपर्णा थक्क होऊन ऐकत राहिली. सुमितने आधी सुटकेचा श्वास सोडला, मग त्याला त्याचीच लाज वाटली. दिलीपभाई एकदा पाहुण्याकडे आणि एकदा दाराकडे पाहत होते, दार बंद असल्याची खात्री करत असल्यासारखे.

मग अलकाबाईंनी आपली शिफारस मागे घेतली. न तपासता सही केल्याचंही त्यांनी लिहून घ्यायला लावलं. काशिनाथचं नाव कटलं, जागा अपर्णाला गेली. पाहुण्याने एकच प्रश्न विचारला, तिकडे कळवलंय का. काल कळवलं, असं उत्तर अलकाबाई देत होत्या, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेला कागद सुमितने आणून टेबलावर ठेवला.

मालिनी रत्नायकेचं उत्तर होतं. अलकाबाईंनी ते आधी मनात वाचलं, आणि मग काशिनाथच्या हातात देण्याऐवजी त्याला मराठीत सांगितलं.

चारही शेडच्या भिंती काल संध्याकाळी काढल्या. गेल्या आठवड्यात पहिल्या शेडमध्ये दोन बायका पडल्या होत्या. एक वाचली. बांधकामात चूक झाली असं समजून मी माझ्या गवंड्याला हाकलून दिलं. त्याची मी आज माफी मागणार आहे. तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?

काशिनाथ खाली बसला. बसताना त्याचा हात टेबलाची कड शोधत होता, आणि ती त्याला सापडत नव्हती. अपर्णाने त्याची खुर्ची पुढे ओढली. मग त्याने कोरा कागद मागून घेतला.

"मामा पडला त्या दिवशी कळलं, असं लिहिलं तर..." तो म्हणाला.

"तिने तारीख विचारली आहे," अलकाबाई म्हणाल्या.

त्याने नऊ जुलै लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. कागद इंग्रजी तपासायला म्हणून त्याने बाईंपुढे सरकवला. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. अलकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली.